वक्ता नको, संध्याकाळी सात ते नऊ हॉल उघडा ठेवा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुमच्या महिला मंडळाच्या हॉलच्या मागेच वस्ती आहे, संध्याकाळी तिथून पोरांना झोडपल्याचे आणि रडण्याचे आवाज येतात, दोन-तीन मुलांच्या पाठीवर वळ तुम्ही स्वतः बघितलेत, आणि आता मंडळाने ठरवलंय की पालकांसाठी 'मुलांना मारू नका' असं शिबिर घ्यायचं, तर त्यासाठी चांगला वक्ता सुचवा. मी मुंबईत मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात बावीस वर्षं वस्तीपातळीवर हेच काम करतेय. वक्ता मी सुचवत नाहीये, आणि का ते जरा लांबण लावून सांगते, कारण हीच चूक मी स्वतः चार वर्षं केलीये.

सुरुवातीला आम्ही पालक-प्रशिक्षणच घ्यायचो. फ्लिपचार्ट, चित्रं, मुलाच्या मेंदूवर काय परिणाम होतो वगैरे सगळं. बायका यायच्या, माना डोलवायच्या, शेवटी चहा-बिस्किट. एकदा अशाच एका सत्रानंतर एक बाई थांबली, पदराशी चाळा करत म्हणाली, ताई तुम्ही सांगता ते सगळं मला पटतं, पण रात्री आठ वाजता ते आठवत नाही. मी त्या रात्री झोपू शकले नाही. कारण तिने जे सांगितलं ते आमच्या पूर्ण कार्यक्रमात कुठेच नव्हतं. रात्रीचे आठ.

तेव्हापासून मी 'का मारलं' हे विचारणं बंद केलं आणि 'कधी मारलं' हे विचारायला लागले. फरक फार मोठा आहे बघा. 'का' विचारलं की माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर पोराची तक्रार सुरू करतो, ऐकत नाही, उलट बोलतो, मोबाईल सोडत नाही. 'कधी' विचारलं की दिवस उलगडायला लागतो. एक उदाहरण देते, खाणाखुणा बदलून. सहा वर्षांचा मुलगा, दंडावर लाटण्याचा वळ, बालवाडीच्या बाईंनी कळवलं म्हणून मी सकाळी घरी गेले. आई समोर बसली, जमिनीकडे बघत. मी म्हटलं किती वाजता झालं गं हे? आणि मग ती बोलायला लागली ती पाऊण तास, की पहाटे चारला पाणी येतं, तेव्हा उठून नंबर लावायचा, सात हंडे भरायचे, डबा, मग चार घरची धुणीभांडी, चौथ्या घरी पाहुणे होते म्हणून कालचा दिवस लांबला, साडेसातला घरी आले, धाकटीला ताप, भाजी चिरायला घेतली, आणि हा मागून गळ्यात पडून पडून मोबाईल मागत होता, तेवढ्यात त्याचा पाय लागून पिण्याच्या पाण्याची कळशी लवंडली. म्हणजे पहाटे चारला भरलेलं पाणी. ती म्हणाली, ताई माझा हात कधी उचलला गेला ते मलाच कळलं नाही. आणि मग रडली. मुलगा दारात उभा राहून बघत होता, तो आत आला आणि आईच्या पदराने तिचंच तोंड पुसायला लागला.

आता मला सांगा, या बाईला 'मुलांना मारू नका' या विषयावर व्याख्यान देऊन मी काय मिळवणार होते? तिला ते माहितीये. तिला त्या साडेसातला एक माणूस हवा होता जो म्हणेल की पोरांना माझ्याकडे दे, तू स्वयंपाक उरक.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की घराघरातली ती वेळ शोधा आणि त्या वेळेत दुसरं माणूस उभं करा. बाकी कार्यक्रम त्याच्या मागून येतात.

वेळ शोधायची कशी? आम्ही वर्षभर साध्या वहीत लिहीत गेलो, नावं न घालता, फक्त वार आणि वेळ. आणि चित्र आपोआप पुढे आलं. संध्याकाळी सात ते नऊ, हे तर होतंच. पण मला ज्याची अजिबात कल्पना नव्हती ते म्हणजे हप्त्याचा दिवस. बचत गटाचं वेगळं, हे कर्ज देणारे मायक्रोफायनान्सवाले आठवड्याला येतात, दहा बायकांना एकत्र बसवतात आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना उठू देत नाहीत. त्या दिवशी सकाळपासून घर ताणलेलं असतं आणि दुपारी शाळेतून आलेलं पोर नेमकं त्यात सापडतं. मग महिनाअखेर. मग जूनचा पहिला पंधरवडा, वह्या-गणवेश-बूट एकदम. मग पावसाळ्यात नाक्यावर काम मिळत नाही तेव्हा बाप चार-चार दिवस घरात बसून असतो. तुमच्या वस्तीतल्या वेळा वेगळ्या असतील, त्या तुम्हाला तिथल्याच बायका सांगतील, पण आधी विचारावं लागेल.

आणि एक गोष्ट मंडळातल्या सगळ्याजणींना सांगा, हे फक्त वस्तीत होतं असं मनात धरून जाऊ नका. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईबापांनीच मारलेलं होतं. हे आकडे फक्त पत्र्याच्या घरातून येत नाहीत. वस्तीत भिंती पातळ आहेत म्हणून आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, तुमच्या बिल्डिंगमध्ये दारं बंद असतात. तुम्ही 'सुधारणाऱ्या' म्हणून गेलात की बायका ओळखतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

तर हॉल. तुमच्याकडे हॉल आहे ही फार मोठी गोष्ट आहे ताई, आम्ही तीन वर्षं खोलीसाठी वणवण केली. संध्याकाळी सात ते नऊ हॉल उघडा ठेवा, चटया, कॅरम, रंगीत खडू, गोष्टीची पुस्तकं, शेंगदाणे-गूळ किंवा चिक्की, पिण्याचं पाणी, आणि संडासाची सोय जवळ असावी नाहीतर लहान मुलं थांबत नाहीत. क्लास घेऊ नका. अभ्यास घ्यायला लागलात की अभ्यासात मागे असलेलं पोर, म्हणजे घरी सगळ्यात जास्त मार खाणारं पोर, तेच यायचं बंद होतं. नऊनंतर आई उशिरा आली तर तिला बोल लावू नका, तिची वाट बघणारं कुणीतरी आहे हेच तर तिला पहिल्यांदा मिळतंय.

बघायला कोण? इथे मी जरा हट्टी आहे. मंडळातल्या स्वयंसेविका हव्यातच, पण त्यांच्यावर सगळं अवलंबून ठेवू नका, मार्चमध्ये स्वतःच्या मुलांच्या परीक्षा आल्या की निम्म्याजणी गळतात आणि वस्तीतल्या पोरांच्या लक्षात राहतं की या आल्या आणि गेल्या. वस्तीतल्याच एक-दोन बायकांना मानधन देऊन नेमा, ज्यांच्याकडे पोरं तशीही जातात अशी एखादी आजी किंवा मावशी प्रत्येक गल्लीत असते. मानधन ठरलेल्या तारखेला द्या. आणि नियम एकच पण कडक, खोलीत कायम दोन मोठी माणसं, कुणीही एकटं एका मुलाला घेऊन कुठेही जाणार नाही, मग तो अध्यक्षांचा भाऊ का असेना, आणि मुलांशी काम करणाऱ्या प्रत्येकाचं पोलीस व्हेरिफिकेशन. लोकांना यात अपमान वाटतो, वाटू दे.

सरकारी अंगणवाडी आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि सेविकेशी दोस्ती करा, तिला प्रत्येक घर माहीत असतं. पण अंगणवाडी दुपारच्या आत सुटते आणि घरकाम करणारी बाई तेव्हा तिसऱ्या घरी असते. सरकारने आता 'पाळणा' नावाने अंगणवाडीला जोडून पाळणाघरं सुरू केलीत, जवळ असेल तर नक्की चौकशी करा. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, पण चार घरची भांडी घासणारीला कुठली आस्थापना? बांधकामावरच्या बायकांसाठी मोबाईल क्रेशेस या संस्थेने १९६९ साली दिल्लीत पहिलं पाळणाघर काढलं आणि पुढे मुंबईतही काम उभं राहिलं, ते का टिकलं तर आई जिथे खडी उचलते तिथेच पाळणा होता. त्यांनी आईला पाळणाघराकडे चालत यायला लावलं नाही.

आता अगदी तान्ह्या बाळांचं, कारण जिवावर बेतण्याचा धोका तिथे सगळ्यात जास्त. बाळाचं रडणं साधारण दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात वाढतं, काही बाळं संध्याकाळी दोन-दोन तास थांबतच नाहीत, पाजलं, दुपटं बदललं, तरी नाही. न झोपलेली एकटी आई किंवा वैतागलेला बाप अशा वेळी बाळाला गदागदा हलवतात आणि तेवढ्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाहेरून काही दिसतही नाही. आपल्याकडे आशाताई प्रसूतीनंतर नवजात बाळासाठी घरी भेटी देतात, त्यातली शेवटची बेचाळिसाव्या दिवशी असते, म्हणजे बरोब्बर त्याच आठवड्यात! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातूनच देशभरच्या या भेटी आल्या. बाळ वाचवण्यासाठी चालणारे हेच पाय आईलाही विचारू शकतात की तुझी सलग झोप किती झाली, रडणं थांबत नाही तेव्हा तू काय करतेस. आम्ही आमच्या भागातल्या आशांना एकच वाक्य शिकवलं होतं, 'फार राग आला तर बाळाला गोधडीवर पाठीवर ठेव, पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहा, बाळ रडून मरत नाही.' ते वाक्य बायकांनी एकमेकींना सांगितलं. कुठल्याही पोस्टरपेक्षा लांब गेलं ते.

घरभेटींचा असा उपयोग होतो याला पुरावाही आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात डेव्हिड ओल्ड्स या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ४०० गरोदर बायका घेऊन प्रयोग केला, काहींच्या घरी बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स जात राहिली. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांमधल्या छळ-दुर्लक्षाच्या सिद्ध झालेल्या तक्रारी इतरांच्या जवळपास निम्म्या होत्या. पण त्याच अभ्यासात पुढे जे दिसलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ज्या घरात आईलाच फार मारहाण होत होती तिथे नर्सच्या भेटींचा हा फायदा दिसला नाही. हे मी माझ्या वस्तीत डोळ्यांनी बघितलंय. बाई मार खात असेल तर तिला तुम्ही पोरांशी गोड बोलायला शिकवू शकत नाही, आधी तिचा मार थांबवावा लागतो. मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालू केले, तिथे समाजकार्यकर्त्या बसतात आणि आता ते महाराष्ट्रभर आहेत. तुमच्या जवळचा कुठला ते आत्ताच शोधून ठेवा, प्रसंग आल्यावर धावाधाव नको. महिला हेल्पलाईन १८१.

नवऱ्यांचं काय, हे मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. दारू असेल तर बापाशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका, अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मराठी मिटिंग जवळ कुठे भरते ते पत्ता-वारासकट माहीत करून घ्या, आणि बायकोसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट. पण सगळे बाप दारुडे नसतात हो. आमच्याकडे एक रिक्षावाले दादा होते, पोरगा शाळा बुडवतो म्हणून पट्ट्याने मारायचे, कॅरम स्पर्धेला पंच म्हणून बोलावलं तर दर रविवारी यायला लागले. तिथे बाकीच्या बापांशी बोलता बोलता एक दिवस म्हणाले की माझ्या बापाने मला उलटं टांगलं होतं आणि मी म्हणायचो मी असा होणार नाही. ते वाक्य माझ्यासमोर कधीच निघालं नसतं, मी बाईमाणूस आणि वर 'संस्थेची'. पुरुषांना पुरुषांमध्ये बसवा आणि हाताला काहीतरी काम द्या.

पैशाकडे येते, कारण नुसतं ऐकून घेण्याने हप्ता भरला जात नाही. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एक पालक गेलेला, घटस्फोट, पालक तुरुंगात, मोठं आजारपण, अशा घरातल्या मुलांसाठी. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून द्यायचे, महिन्याला ४,००० आहेत, त्याला वार्षिक उत्पन्नाची अट ग्रामीण भागात ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं, आणि बालसंगोपनची मंजुरी बाल कल्याण समितीकडून. कागद जमवणं हेच खरं काम आहे, विधवा बाईकडे नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नसतो, रेशनकार्ड सासरच्या नावावर, बँकेत केवायसी अडकलेलं. तुमच्या मंडळात रिटायर्ड बँकवाल्या, शाळेतल्या क्लार्क असतील, त्यांनी आठवड्यातून एक दुपार फक्त फॉर्म भरून द्यावेत. मी खात्रीने सांगते, तुमच्या वक्त्याच्या मानधनापेक्षा यातून जास्त मुलांचा मार वाचेल.

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. साडेचार वर्षांची मुलगी, आजी मारायची. 'दहा हाका मारल्या तरी ढिम्म हलत नाही, मुद्दाम करते, माजलीये.' संध्याकाळी आम्ही चालवतो त्या खोलीवर ती यायला लागली तेव्हा आमच्या मावशींनीच हेरलं की पोरगी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते, आणि मागून टाळी वाजवली तर वळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांच्यामार्फत पुढे पाठवलं, कानाची बेरा टेस्ट झाली, दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. आजीला रिपोर्ट समजावला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग नातीचे कान दोन्ही हातांनी झाकून धरून बसली, जणू आता तरी त्यांना काही लागू नये. जे मूल 'ऐकतच नाही', 'एका जागी बसत नाही', 'अजून अंथरुणात करतं', त्याला आधी डॉक्टरकडे न्या, कृपा करून.

आता सगळ्यात गंभीर भाग, आणि इथे माझा सूर बदलेल. मी वर जे लिहिलं ते ताणाखाली हात उचलणाऱ्या घरांबद्दल आहे. लैंगिक अत्याचार यात बसत नाही. तो थकव्याने होत नाही, त्याला आधारगट हे उत्तर नाही. मुलाने तसं काही सांगितलं, किंवा तुम्हाला तशी शंका जरी आली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. घरच्यांना बसवून 'मिटवायला' जाऊ नका, मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्याने वापरले तेच शब्द लिहून ठेवा. तसंच चटके, हाड मोडणं, कोंडून उपाशी ठेवणं, वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठलीही जखम, इथेही 'आपण समजावून बघू' म्हणत दिवस घालवायचा नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा, चोवीस तास चालतो, १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाचा छळ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बायकांना भीती असते की फोन केला की पोरं उचलून नेतील. ही भीती खोटी म्हणू नका, तिच्याशी बोला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, पहिली जबाबदारी कुटुंबाची. आम्ही पहिल्याच दिवशी आयांना स्पष्ट सांगायचो की तुमचं बोलणं आमच्यापाशी राहील, पण मुलाच्या जिवाला किंवा शरीराला असा धोका दिसला तर आम्ही कळवणार, आणि कळवण्याआधी तुम्हाला सांगणार, फक्त सांगण्याने मुलाचा धोका वाढणार असेल तर नाही सांगणार. याने बायका तुटतील असं वाटलं होतं. उलट झालं, दोघी-तिघींनी स्वतः येऊन सांगितलं की माझ्या हातून काहीतरी होईल, आज पोरांना तुमच्याकडे ठेवा.

आज-उद्या पुन्हा आवाज आला तर काय, हेही तुम्ही विचारलंय. जीव जाईल असं वाटलं तर पोलिसांना ११२ वर फोन करा. नाहीतर दार वाजवा आणि दुसरंच काहीतरी मागा, साखर मागा, गॅसवाल्याचा नंबर मागा. दार उघडलं की उचललेला हात खाली येतो. त्या क्षणी उपदेश करू नका, पोराला 'चल रे माझ्याबरोबर दुकानात' म्हणून दहा मिनिटं बाहेर काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईकडे एकट्या जा, चहा प्या, आणि विचारा काल केव्हापासून उठलेली होतीस.

कार्यक्रमाचं नाव 'बाल अत्याचार प्रतिबंध' असलं काही ठेवू नका, त्या पाटीखालून कुठलीच आई पोराला घेऊन आत येणार नाही. आमच्या खोलीला पोरंच 'सातची खोली' म्हणायची, तेच नाव राहिलं. पहिले दोन-तीन आठवडे चार-पाचच मुलं येतील, घाबरू नका. वेळ मात्र चुकवू नका, दिवाळीतसुद्धा, कारण सणाच्या दिवशी घरात पैसा नसतो तेव्हाच ताण जास्त असतो. हॉलच्या किल्ल्या तीन करा, एक मंडळाकडे, दोन वस्तीतल्या मावशींकडे. मंडळाच्या मिटिंगला यावर वाद होणार हे मला माहितीये, किल्ली बाहेर द्यायला कुणी तयार होत नाही, पण तुम्ही आजारी पडलात म्हणून सातला कुलूप दिसलं असं एकदाही होऊ देऊ नका. पाणी किती वाजता येतं आणि हप्तेवाला कुठल्या वारी येतो एवढं विचारून मला कळवा, मग पहिल्या महिन्याचं वेळापत्रक आपण दोघी मिळून बसवू.